कोकणात उतरताना

आमच्या कोल्हापुराकडं कोकणात कुणी ‘जात’ नाही, ‘उतरतं’. ‘सुट्टीत खाली उतरणार काय?’ असं विचारलं की समोरच्याला मालवण, देवगड, गणपतीपुळे असलं काहीतरी विचारायचं असतं. मीही आयुष्यभर तोच शब्द वापरला. पण त्या शब्दात एक अख्खा घाट आहे हे मला २०२४ च्या मे महिन्यात, वयाच्या एकेचाळिसाव्या वर्षी, स्टिअरिंगमागे बसल्यावर कळलं. त्याआधी मी घाटात शेजारच्या सीटवर डोळे मिटून आवळासुपारी चघळत बसणारी बाई होते.

गाडी शिकले होते त्याला सहा महिने झाले होते. एकवीस दिवसांचा क्लास, रोज अर्धा तास, आणि सगळा सपाटीवर. चढ म्हणून जे काही शिकवलं ते एवढंच की पुलाच्या चढाला गाडी थांबवायची आणि हाफ क्लचवर मागं न जाता पुढं काढायची. त्यात मी पहिल्याच दिवशी पास झाले म्हणून सरांनी कौतुकही केलं. उताराबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. उतार म्हणजे गाडी आपोआप जाते, त्यात शिकवायचं काय, असंच त्यांना वाटत असणार. मलाही तेच वाटत होतं.

कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे मीटरवर आहे. रंकाळ्यावरून निघून फुलेवाडी, बालिंगा, कळे, असळज करत गगनबावड्याला जाईपर्यंत पन्नास-पंचावन्न किलोमीटरमध्ये रस्ता कुठं चढतोय हे कळत नाही. डावी-उजवीकडं ऊस, मग भात, मग जंगल. आणि गगनबावडा ओलांडला की जमीन संपतेच. समोर नुसतं धुरकट निळं, आणि कोकण खाली कुठंतरी तळाला. घाटाचा सल्ला म्हणून प्रत्येकानं मला एकच वाक्य दिलं होतं: ‘ज्या गिअरनं चढतीस त्याच गिअरनं उतरायचं.’ वाक्य चांगलं आहे, पण आम्ही चढलो कुठं होतो? मुंबई-पुण्याचा माणूस महाबळेश्वरला आधी चढतो आणि मग उतरतो. घाटमाथ्यावर राहणाऱ्या माणसाच्या वाट्याला आधी उतार येतो, तोही घरून निघाल्यावर दीड तासानं, नाश्ता पोटात, गाणी चालू, पोरं मागं भांडतायत अशा अवस्थेत. कुठल्या गिअरनं चढलो असतो हे तिथं उभं राहून कोण सांगणार?

त्या वर्षी करूळ घाट काँक्रीटच्या कामासाठी बंद होता, म्हणून आम्ही भुईबावड्याच्या रस्त्याला लागलो. रस्ता अरुंद, वळणं आवळलेली. गाडी पेट्रोलवरची जुनी हॅचबॅक, दुसऱ्या मालकाकडून घेतलेली. आम्ही दोघं, दोन मुलं, सासूबाई आणि डिकीत चार दिवसांचा संसार. पहिल्या वळणालाच आमच्या ह्यांनी सल्ला दिला, “न्यूट्रलला टाक की. पेट्रोल वाचतंय.” ह्यांना गाडी येत नाही, सल्ले येतात. न्यूट्रलला टाकायचा धीर मला झाला नाही हे त्यातल्या त्यात बरं. पण मी केलं तेही फार वेगळं नव्हतं. सपाटीवरून आले तशी चौथ्या गिअरमध्येच घाटात शिरले आणि उजवा पाय ब्रेकवर ठेवला. ठेवला तो ठेवलाच. दाबून नाही, नुसता टेकवून, म्हशीच्या पाठीवर हात ठेवावा तसा. गाडी तीसच्या आसपास रेंगाळत होती आणि मला वाटत होतं, किती शहाण्यासारखी चालवतेय मी.

मधेच एकदा इंजिन धडधडलं, म्हणून क्लच दाबला. मग प्रत्येक वळणाला क्लच दाबायची सवयच लागली. क्लच दाबला म्हणजे गाडी न्यूट्रलच झाली, फक्त नाव वेगळं, हे तेव्हा डोक्यात आलं नाही.

पाच-सहा किलोमीटरनंतर वास आला. जळक्या रबराचा म्हणावा तर तसा नाही, करपलेल्या दुधाचा म्हणावा तर तसाही नाही. दोन्हींच्या मधला, घशात बसणारा. सासूबाई म्हणाल्या, “कुणाची तरी गाडी जळायलीया.” मी मान डोलावली. दोन वळणं गेली आणि समोरून आंब्याच्या पेट्या भरलेली पिकअप वर येताना दिसली. रस्ता एकाच गाडीपुरता होता. चढणाऱ्या गाडीला आधी जाऊ द्यायचं हे मला पाठ होतं. रस्त्याच्या नियमांत हे लिहिलंय आणि लर्निंग लायसनच्या परीक्षेत मी त्याचं उत्तर बरोबर दिलं होतं. म्हणून कडेला घेऊन थांबायला ब्रेक दाबला.

पेडल खाली गेलं. एरवी ते दोन बोटं आत जाऊन घट्ट लागायचं. आता मूठभर आत गेलं तरी पायाला काही लागेना. भाताच्या खाचरात पाय रुतत जावा तसं. गाडी हळू झाली, पण थांबेना. तोंडातून आवाज फुटला नाही. पाय मात्र आपोआप वर आला आणि परत दाबला गेला, आणि परत. तिसऱ्या वेळी पेडलला थोडा जीव आल्यासारखं वाटलं, त्याच वेळी हात गिअरवर गेला आणि चौथ्यातून थेट दुसरा पडला. इंजिन असं किंचाळलं की ह्यांनी “अगं फुटेल, फुटेल!” म्हणून डॅशबोर्ड धरला. गाडी जोरात मागं खेचली गेली, सासूबाईंची पिशवी पुढं आली, आणि आम्ही पिकअपच्या हातभर अलीकडं थांबलो.

पिकअपवाला उतरला. वीस-बावीस वर्षांचा पोरगा, गळ्यात टॉवेल. शिवी घालेल असं वाटलं होतं. त्यानं आधी वास घेतला, मग पुढच्या चाकाशी वाकून तळहात वीतभर लांब धरला आणि झटकन मागं घेतला. “ताई, हँडब्रेक ओढू नका आत्ता, गिअरातच बंद करा. रिव्हर्स टाका.” स्वतःच दगड आणून दोन चाकांखाली सारले. आमच्या ह्यांनी पाण्याची बाटली काढली तर त्यानं हात आडवा केला. “पानी मारू नका. तापल्या डिस्कवर गार पानी मारलं की डिस्क वाकडी होती. अर्धा तास नुसतं बसा.” स्टिअरिंग डोंगराच्या बाजूला वळवून ठेवायला लावलं; सुटलीच तर दरीकडं नको, डोंगराला टेकू दे. मग पिकअप सरकवून घेऊन निघून गेला. त्याला दोन आंबे मागावेत असं धाकट्याचं म्हणणं होतं.

तो अर्धा तास मी दगडावर बसून काढला आणि मला आठवलं की मी नववीला विज्ञान शिकवते.

स्थितिज ऊर्जा, एमजीएच: वस्तुमान गुणिले गुरुत्वत्वरण गुणिले उंची. दरवर्षी फळ्यावर लिहिते. धरणातलं पाणी, ताणलेलं धनुष्य, गच्चीवरची कुंडी. पोरांना मार्क मिळतात, मला पगार. त्या दगडावर बसून पहिल्यांदा मी स्वतःला त्या सूत्रात घातलं. गाडी, माणसं, सामान मिळून १,३०० किलो. घाटाची उंची हिशोबापुरती ४०० मीटर. गुणिले ९.८. एक्कावन्न लाख ज्यूलच्या आसपास येतात. ही सगळी ऊर्जा खाली पोचेपर्यंत कुठंतरी गेलीच पाहिजे. कुठंच गेली नाही तर ती वेगात जाईल, आणि तो वेग तळाशी ताशी ३१९ किलोमीटर होतो. म्हणजे घाटात आपण गाडी चालवत नसतो, एवढी ऊर्जा कुठं सांडायची हे ठरवत असतो. मी ती सगळी चार चाकांतल्या ब्रेकमध्ये सांडत होते. त्यातही उतारावर गाडीचं वजन पुढं झुकतं, म्हणजे मुख्य भार पुढच्या चाकांबरोबर फिरणाऱ्या दोन डिस्कवर, ताटाएवढ्याही नसलेल्या. एक्कावन्न लाख ज्यूलमध्ये सोळा लिटर पाणी साध्या तापमानापासून उकळीपर्यंत जातं. आमच्या माहेरच्या तांब्याच्या बंबात एवढंच पाणी बसायचं. दोन ताटल्यांवर अख्खा बंब उकळवायला ठेवला होता मी, आणि वर म्हणत होते की कुणाची तरी गाडी जळतेय.

उरलेला घाट पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये, पाय थरथरत, मागं लागलेल्या गाड्यांच्या हॉर्नकडं दुर्लक्ष करत उतरलो. मालवणात चार दिवस होतो. सुरमई खाल्ली, तारकर्लीला मुलांनी पाण्यात खेळून घेतलं, मला काही लक्षात नाही. परतीचा घाट मात्र कसलाही त्रास न देता चढला. चढावर गाडी थकली तर थांबते.

कोल्हापुरात आल्यावर गाडी उद्यमनगरात नेली. गॅरेजवाल्यानं बॉनेट उघडून ब्रेक ऑइलच्या डबीचं झाकण काढलं आणि मला बोलावलं. “वैनी, बगा.” कोऱ्या चहाचा रंग होता. नवीन कसं असतं ते दाखवायला त्यानं सीलबंद बाटली उजेडात धरली. फिकट, तुपाच्या वरच्या निवळीसारखं. आपण त्याला ऑइल म्हणतो पण ते तेल नाही. आणि त्याची खोड अशी की ते हवेतलं पाणी ओढून घेतं, मिठासारखं. डॉट ३ म्हणून जे मिळतं ते कोरडं असताना किमान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही. पण पाणी पिऊन बसलं की तो आकडा १४० पर्यंत खाली येऊ शकतो. डॉट ४ चे तेच आकडे २३० आणि १५५. कोल्हापूरच्या पावसाळ्यात किती वर्षं ते तसंच होतं कुणास ठाऊक. आदल्या मालकानं कधी बदललेलं दिसत नव्हतं आणि मी विचारलंही नव्हतं. तर झालं असं होतं: डिस्क तापली, तिची उष्णता डिस्कवर पॅड आवळणाऱ्या कॅलिपरमधून त्या पातळ चहापर्यंत गेली, त्याला उकळी फुटली, नळीत वाफेचे बुडबुडे झाले. द्रव दाबला जात नाही, वाफ दाबली जाते. मी पेडल दाबत होते ते चाकापर्यंत पोचतच नव्हतं, मधल्या बुडबुड्यांना चेपण्यात संपत होतं. तीनदा भराभर दाबल्यावर थोडं लागलं ते, बुडबुडे चेपून पुढं थोडा दाब गेला म्हणून. पास्कलचा नियम. आठ वर्षं शिकवतेय.

पॅड काढून त्यानं हातावर ठेवले. एरवी खरखरीत असतात, हे काचेसारखे चमकत होते, नखानं ओरखडा पडेना. “हे पोळलेलं. आता डिस्क धरत न्हाई, नुसतं घसरतं.” म्हणजे दोन गोष्टी एकाच वेळी झाल्या होत्या. एकीत पेडल घट्ट राहतं पण गाडी थांबत नाही; दुसरीत पेडलच खाली जातं. मला दोन्हींचा प्रसाद मिळाला होता.

मग ब्रेकच्या नळ्यांतली एअर काढायचं काम. पोऱ्या सुट्टीवर, म्हणून मीच सीटवर बसले. तो मागच्या डाव्या चाकाशी, ते ब्रेकच्या पंपापासून सगळ्यात लांब म्हणून आधी ते. चाकाच्या आतल्या निपलला पारदर्शक नळी, नळीचं दुसरं टोक पाण्याच्या बाटलीत थोडं ऑइल घेऊन त्यात बुडवलेलं. तिकडून तो ओरडायचा: “मारा… मारा… मारा… धरा!” मी धरायची. तो पाना फिरवायचा, पेडल पायाखालून भस्सकन खाली जायचं, आणि नळीतून काळपट ऑइलबरोबर बुडबुडे बाहेर. “सोडू नका, सोडू नका… हां, सोडा.” एकदा मी आधीच सोडलं तर हवा परत आत गेली आणि त्या चाकाचं सगळं पुन्हा. चारी चाकं होईपर्यंत पाऊण तास गेला. शेवटी नळीत नुसतं फिकट पिवळं, बुडबुडा नाही, आणि पेडल परत दोन बोटांवर घट्ट. त्या पेडलवर पाय ठेवून मी उगीच पाच मिनिटं बसून राहिले. कुणी मला ब्रेक कसा चालतो हे शंभर वेळा सांगितलं असतं तरी पायाला जे कळलं ते कळलं नसतं.

पण ब्रेक नवे झाले म्हणजे मी उतरायला शिकले असं नव्हे. ते काम मामांचं.

मामा एसटीत बत्तीस वर्षं ड्रायव्हर. रत्नागिरीला आंबा घाटातून आणि कणकवलीकडं फोंड्यातून किती फेऱ्या झाल्या असतील ते त्यांनाही सांगता यायचं नाही. पाऊस संपल्यावर, नोव्हेंबरातल्या एका रविवारी सकाळी त्यांना घेऊन जोतिबाच्या डोंगरावर गेले. वर दर्शन, मग उतार, मग परत वर, परत उतार. चार वेळा. चौथ्या वेळी पुजाऱ्यानं विचारलं असतं, पण देवाकडं एकदाच गेलो, बाकी तीनदा वरूनच वळलो.

पहिल्या उताराला मी ब्रेकवर पाय टेकवला तेवढ्यात मामा म्हणाले, “पाय काढ. ते पायपुसणं न्हवं.” मग गाडी थांबवायला लावली आणि बोलले. मामा एरवी बोलत नाहीत.

“हे बघ पोरी, उतार लागायच्या आदी ठरवायचं, कुठल्या वेगानं जायचं. उतार लागल्यावर न्हवं. आदी ब्रेक मारून वेग पाड, मग खालचा गिअर टाक, मग उताराला लाग. उतारात गाडी पळाय लागली आन् मग तू गिअर शोधाय लागलीस, तर शोधंस्तोवर ती आणखी पळती.”

“पण कुठला गिअर, मामा? चढले असते तर कळलं असतं.”

ते हसले. “चढायचं सोड. आताच्या गाड्या चढाला तिसऱ्यात बी जात्यात. इंजिनं ताकदीची झाली, म्हणून उताराला तिसरा पुरतोय असं हाय व्हय? पाय दोन्हीकडनं काढ, नुसतं सोड. वेग वाढत ऱ्हायला तर गिअर वरचा हाय. वाढंना झाला, न्हाईतर सावकाश वाढाय लागला, तर बराबर.”

इतकं साधं. दोन्ही पाय मोकळे ठेवून गाडीलाच विचारायचं. जोतिबाला तिसऱ्यात विचारलं तर काटा चाळीस, पंचेचाळीस करत चढत गेला. दुसऱ्यात विचारलं तर तीसच्या आसपास घोटाळत राहिला. इंजिन मोठ्यानं घोंघावत होतं, मला परत ‘फुटेल’ आठवलं. मामांनी आरपीएमच्या काट्यावर बोट ठेवलं. साडेतीन हजार. लाल पट्टा सहा हजारांच्या पुढं. “अर्ध्यात हाय अजून. वरडू दे. ते वरडतंय म्हंजी काम करतंय.”

ते काय काम करतं हे मी घरी येऊन नीट समजून घेतलं. ॲक्सिलरेटर सोडला की इंजिनची हवा आत येण्याची वाट जवळजवळ बंद होते. चाकं गिअरमधून इंजिनला फिरवतच असतात, त्यामुळे पिस्टनला बंद तोंडातून हवा ओढावी लागते. तोंडावर हात धरून श्वास घ्यायला लावावं तसं. त्यात शक्ती खर्च होते, आणि ती गाडीच्या वेगातून जाते. गिअर जितका खालचा तितके इंजिनचे फेरे जास्त, तितका हा ओढा जास्त. आणि गंमत म्हणजे आताच्या इंजेक्शनच्या गाड्यांत गिअरमध्ये असताना पाय सोडला की पेट्रोलचा फवाराच बंद होतो. चाकंच इंजिन फिरवतायत, पेट्रोल कशाला? न्यूट्रलमध्ये मात्र इंजिनला स्वतःच्या जिवावर चालू राहायचं असतं, म्हणून तिथं पेट्रोल जळतं. पेट्रोल वाचवायला न्यूट्रल करणारा घाटात पेट्रोल घालवत असतो. हे मी आमच्या ह्यांना जेवताना सांगितलं. “कार्ब्युरेटरच्या काळात वाचत असेल,” म्हणाले आणि भाकरी मोडली.

न्यूट्रलचं नाव काढलं की मामा मात्र हसत नाहीत. त्यांच्या सुरवातीच्या गाड्यांना गिअर टाकताना डबल क्लच करावा, म्हणजे क्लच दोनदा दाबावा लागायचा. उतारात एकदा गिअर निसटला की वेग वाढत जायचा आणि परत टाकायला गेलं तर दात नुसते कचाकचा वाजायचे, बसायचे नाहीत. मग उरला फक्त ब्रेक. तोही हवेवरचा. दर दाबाला टाकीतली हवा खर्च होते, आणि इंजिन ती परत भरतं तेवढीच भरपाई. सारखा ब्रेक मारणाऱ्याचा हवेचा काटा खाली खाली येतो. “नवा ड्रायव्हर वळखायचा असंल तर त्येच्याकडं बघू नये, काट्याकडं बघावं,” असं ते म्हणतात. नंतरच्या मोठ्या गाड्यांना एक्झॉस्ट ब्रेक आला. धुराची वाटच झडपेनं अडवायची, म्हणजे इंजिन स्वतःच्याच धुरात कोंडतं आणि चाकं जड होतात. घाटात ट्रकचा तो घुसमटलेला आवाज येतो तो हाच. मला आजवर तो ट्रक बिघडल्याचा आवाज वाटायचा.

आणि ब्रेक? तो वापरायचाच नाही असं नाही. पण टेकवून ठेवायचा नाही. गाडी ठरवल्यापेक्षा पळाय लागली की नीट, जोर देऊन दाबायचा, वेग आठ-दहानं खाली आणायचा, आणि पाय पूर्ण काढायचा. दाबायचं दोन-तीन सेकंद, मोकळं सोडायचं त्याच्या दुप्पट-तिप्पट. तेवढ्या वेळात डिस्कला वारा लागतो. सतत टेकवलेल्या पायाखाली पॅड आणि डिस्कच्या मधे वारा जाणार कुठून?

चौथ्या फेरीला मामांनी मला मुद्दाम तिसऱ्यात सोडलं आणि वेग वाढल्यावर म्हणाले, “आता दुसरा टाक.” टाकला. झटका बसलाच, पण आधी ब्रेक मारून वेग पाडला होता म्हणून पिशव्या उडाल्या नाहीत. हे फक्त अडचणीसाठी, रोजच्यासाठी नव्हे, असं त्यांनी तीनदा बजावलं. पावसात ओल्या रस्त्यावर असं एकदम केलं तर पुढची चाकं घसरतात.

डिसेंबरात परत खाली उतरायचं ठरलं, तेव्हाही करूळ बंदच होता. मामांना आग्रहानं बरोबर घेतलं. कळ्याच्या पुढं कारखान्याला निघालेले ऊसाचे ट्रॅक्टर सुरू झाले. एकामागं एक दोन ट्रॉल्या, ऊस रस्त्यावर लोंबतोय, मागं लाल दिवा नाही. एका ओढ्याच्या छोट्या उतारावर पुढचा ट्रॅक्टरवाला फार सावकाश झाला. मी ओव्हरटेकचा विचार करत होते, मामा म्हणाले, थांब. ट्रॉल्यांना स्वतःचे ब्रेक बहुतेक नसतातच. उतारावर मागचा ऊस ट्रॅक्टरला ढकलतो. ट्रॅक्टरनं एकदम ब्रेक मारला तर मागचं पुढं येतं, जोडाला मोडतं आणि आडवं होतं. शिवाय ट्रॅक्टरला ब्रेकची दोन पेडलं, डाव्या चाकाला एक, उजव्याला एक, शेतात जागच्या जागी वळायला. रस्त्यावर ती दोन्ही कडीनं जोडून घ्यायची असतात. माझ्या भावानं एकदा कडी न घालता उतारावर एकच दाबलं, ट्रॅक्टर बांधावर चढला. भाऊ उडी मारून सुटला. त्याच्या आधी त्यानं क्लच दाबला होता हे त्यानं आम्हाला दोन वर्षांनी सांगितलं.

गगनबावड्याला चहा घेतला नाही. मामांनी सांगितलं, चहा खाली. घाटाच्या तोंडाशी, सपाटीवरच, ब्रेक मारून वेग वीसवर आणला, दुसरा टाकला, पाय दोन्हीकडून काढले. इंजिन घोंघावायला लागलं. ह्यांनी डॅशबोर्डकडं हात नेला आणि परत मांडीवर ठेवला. मागं तीन गाड्या लागल्या, हॉर्न सुरू झाले. एरवी मी अशा वेळी घाईला येते. रुंद जागा आली तिथं कडेला घेऊन सगळ्यांना जाऊ दिलं. तिसऱ्या गाडीचे मागचे लाल दिवे पेटले ते वळणापलीकडं दिसेनासे होईपर्यंत विझले नाहीत, आणि थोड्या वेळानं तो वास आला. या वेळी ती खरंच दुसऱ्याची गाडी होती.

वळणाच्या आधी ब्रेक, वळणात नाही. वळण संपलं की परत मोकळं. एसटी वर येताना दिसली तेव्हा मी लांबूनच थांबले होते. ड्रायव्हरनं हात वर केला. मागच्या सीटवर मामांनी टोपी डोळ्यांवर ओढली होती, मुलगा त्यांच्या खांद्यावर झोपला होता.

खाली एका टपरीवर गाडी लावली. उतरून आधी पुढच्या चाकाशी वाकले, त्या पिकअपवाल्या पोरासारखा तळहात धरला. ऊब लागली. बोट लावायचा धीर झाला नाही, पण हात मागं घ्यावा लागला नाही.

मामा बाकावर बसले, बशीत चहा ओतला, फुंकर घातली.

“देवळाच्या फुडच्या वळणाला क्लच का दाबलास?”

“तुम्ही झोपला होता की.”

“इंजिनचा आवाज गेला न्हवं मधीच,” मामा म्हणाले आणि बशी तोंडाला लावली.